शिंगवालीच्या शेवटाबद्दल, शकूवहिनींना

वहिनी, आधी बातमी सांगतो, बाकीचं नंतर. कपाट राहिलं. नुसतं राहिलं नाही, मागच्या खोलीतून वाचनालयाच्या पुढच्या दालनात आलं, अगदी दारासमोर, जिथे आजवर चरित्रं होती. चरित्रं आता मागच्या खोलीत आहेत आणि त्यांतल्या एकाही थोर पुरुषाने अजून तक्रार केलेली नाही.

तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "भाऊजी, तुमी काय गडबड केली थे सांगा आधी." माझ्या हातून काही चांगलं घडलं तर ते गडबडीतूनच घडलं असणार, हा तुमचा जुना सिद्धान्त. तोच खरा ठरला. सांगतो. पण मला सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय जमत नाही, आणि या खेपेला मध्येच "पुढं चला, मले कुकर लावाचा हाय" म्हणणारं कोणी नाही. हे सुख आहे की काय आहे, ते अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवात अर्थातच माझ्या गाढवपणापासून. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि इथल्या आपल्या मराठी मंडळाने मला ग्रंथालयाचा सचिव केलं. पात्रता एकच, याला दुपारी काही काम नसतं. पहिल्याच वर्षी पुस्तकं घ्यायला नागपूरला गेलो. एक दुकानदार धंदा आवरत होता. त्याने सुतळीने बांधलेलं एक खोकं पुढे ढकललं. वर जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'स्त्रीशक्ती संच'. मी मनात म्हटलं, वा! थोर स्त्रियांची चरित्रं. महिला दिनाचं प्रदर्शन आयतं झालं. न उघडता उचललं. गाडीत शेजारच्या प्रवाशालाही अभिमानाने सांगितलं की आमच्या रायपूरच्या भगिनींसाठी प्रेरणा घेऊन चाललोय.

खोकं उघडलं ते अध्यक्षांसमोर आणि अर्ध्या कार्यकारिणीसमोर. पहिल्या मुखपृष्ठावर तांबड्या डोळ्यांची, शिंगं असलेली तरुणी एका मोटारसायकलवाल्याच्या गळ्यात हात टाकून उभी. दुसरीला शेपूट. तिसरीला वटवाघळाचे पंख, आणि अंगावर पैठणी. अध्यक्ष वझलवार सर म्हणजे आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि शांतपणे विचारलं, "बाळासाहेब, ही कोणती स्त्री, आणि ही कसली शक्ती?"

पाताळातल्या पोरी वर येऊन माणसांच्या प्रेमात पडतात अशा त्या कादंबऱ्या. खोकंभर. परत पाठवायची सोय नव्हती, दुकानदाराने तोवर फळ्या लावल्या होत्या. मी सगळ्या जणींना मागच्या खोलीतल्या कपाटात कोंडलं आणि विषय संपला असं समजलो.

मग एके दुपारी तुम्ही आलात. जुने दिवाळी अंक शोधत मागे गेलात, आणि मी कुलूप लावायला गेलो तेव्हा तुम्ही स्टुलावर बसलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मी म्हटलं, "वहिनी, ते वाचायचं नसतं." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मंग आणलं कायले?"

मी कुलूप तसंच हातात घेऊन परत आलो.

पुस्तक तुम्ही घरी नेलंत आणि परत आलं तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर तुमचं मत होतं. मराठी ग्रंथालयात पुस्तकात काहीही लिहू नये असा नियम भिंतीवर असतो, आणि वाचकाचं मत मागच्या पानावर असतं. दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. एरवी ती मतं म्हणजे 'भिकार', 'वेळ फुकट गेला', नाहीतर 'पान फाडणाऱ्याचे हात झडोत'. तुमचं पहिलं मत मला तोंडपाठ आहे. 'नायिका झकास. नायक म्हणजे ओला पापड. अशा पोट्ट्यासाठी पाताळ सोडून आली, हिचं डोकं ठिकाणावर हाय का? पण वाचा. भांडी पडली तं पडू द्या.'

दुसऱ्या पुस्तकात लिहिलंत, 'राक्षसीण हाय अन् आख्ख्या पुस्तकात काही खात नाही. लेखकानं बाईले कधी जेवताना पाह्यलं नाही काय?' तिसऱ्यात, 'सासूचा भाग लय जमला. थे राक्षसीण नाही, तरी जास्त भेव वाटते.' या मताखाली तीन वेगवेगळ्या हातांनी 'सहमत' लिहिलेलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर चक्क मुळेकाकूंचं होतं, ज्यांच्या दोन्ही सुना आपल्याच वाचनालयाच्या सभासद.

बघता बघता कपाटाचं दार दिवसभर करकरायला लागलं. पुस्तकांची नावं कोणी घेतच नसे. 'शिंगवाली द्या', 'शेपटीवाली आली का?', 'ती पैठणीवाली कोणाकडे हाय?' पुरानी बस्तीतल्या, भोसल्यांच्या काळापासून इथे असलेल्या घरांतल्या बायका यायच्या. समता कॉलनीतल्या तुमच्या मैत्रिणी यायच्या. ज्यांच्या घरात मराठी फक्त आरतीपुरती उरली होती त्यांच्या मुली यायच्या, हिंदीत मागायच्या आणि मराठी घेऊन जायच्या. तुमची मंजिरीसुद्धा. जन्मभर आपण तिला मराठीत हाक मारली आणि तिने हिंदीत ओ दिली. ती नवा रायपूरच्या ऑफिसला जाताना बसमध्ये शिंगवाली वाचत होती. मला म्हणाली, "काका, कहानी तो ठीक है, मैं मम्मी के कमेंट के लिए पढ़ती हूँ."

आणि मग मी काय केलं? खोडरबर आणलं.

वहिनी, त्या उन्हाळ्यातली माझी ती मेहनत तुम्ही कधी पूर्ण ऐकून घेतली नाहीत, म्हणून आज ऐका. रेल्वेत आयुष्यभर फायली स्वच्छ ठेवलेला माणूस मी. नियम तो नियम. पंख्याखाली बसून एकेक पुस्तक घेतलं आणि तुमची सगळी मतं खोडली. रबराचा भुगा उडून नाकात जायचा, शिंका यायच्या, पण काम चोख. शेवटच्या पुस्तकाचं पान इतकं शुभ्र झालं की मी ते उजेडात धरून स्वतःच खूश झालो.

चार दिवसांनी मुळेकाकू पुस्तक घेऊन परत. "बाळूभाऊ, हे काय? शकूचं मत कुठं गेलं?"

"काकू, मत कशाला पाहिजे? पुस्तक आहे ना."

"बाप्पा! पुस्तक तं कोणीबी लिहिते. मत पाह्यजे." आणि पुस्तक टेबलावर आपटून गेल्या. त्यांच्या मागून बाकीच्या. कपाटाचं करकरणं बंद पडलं. वझलवार सर खूश झाले आणि मी माझ्या यशाने घाबरलो.

तुम्ही रागावला नाहीत, हे मला जास्त लागलं. एक मोठी पिशवी घेऊन आलात, सगळी पुस्तकं घरी नेलीत आणि सगळी मतं परत लिहिलीत. या वेळी बॉलपेनने. आणि पहिल्यापेक्षा लांबलचक, कारण मधल्या काळात तुमची मतं आणखी तिखट झाली होती. ओल्या पापडाला या आवृत्तीत तुम्ही 'भिजलेला पापड, त्यातही मूग नाही, मैदा' केलं होतं.

खोडता येईना, तेव्हा मी वादात उतरलो. तुमच्या मतांखाली विरोधी मतं लिहायला लागलो. खाली सही, 'एक वाचक'. वाटलं, कोणाला कळतंय! पण तीस वर्षं मालगाड्यांच्या नोंदी केलेलं माझं ते तिरकं, कोंबून लिहिलेलं अक्षर अख्ख्या मंडळाला पाठ होतं. बायका आपसांत म्हणायच्या, "एक वाचक आज दाढी न करता आले." हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपला रहस्य सांभाळत फिरत होतो.

आणि दुसरं रहस्य, जे मला वाटत होतं की माझ्या एकट्याजवळ आहे. मी त्यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. तुमचं मत वाचायचो आणि त्याच्या नेमकं उलट लिहायचो. काम जलद व्हायचं.

तुम्ही ओळखलंत, आणि काय सापळा लावलात! पैठणीवालीच्या मागे लिहिलंत, 'शेवटी नायिका नवऱ्याले पाताळात घेऊन जाते अन् तिथं पोस्टमास्तर होते. हे मले पटलं नाही. कमालीचा शेवट, पण पोस्ट कायले?' मी पेटलो. पानभर लिहिलं. स्त्रीने सरकारी नोकरी केल्याने प्रेमाला बाधा येत नाही, पाताळातही टपालाची गरज असणारच, उलट लेखकाची ही दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे, पोस्टमास्तर ही व्यक्तिरेखा अत्यंत जिवंत उतरली आहे. सही, एक वाचक.

ते पुस्तक महिनाभर एका घरातून दुसऱ्या घरात पळत होतं. मी समजलो, माझ्या लिखाणाला वाचक मिळाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आपला तिळगूळ घ्यायला तुमच्या दारात उभा, आत पंधरा-वीस बायका. तुम्ही माझ्या हातावर तिळगूळ ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "भाऊजी, त्या पुस्तकात पोस्टच नाही."

दादा कोपऱ्यात टीव्हीसमोर क्रिकेट बघत बसला होता. माझा सख्खा मोठा भाऊ, पण एका शब्दाने मदतीला आला नाही. फक्त आवाज थोडा कमी केला, मला हसणं नीट ऐकू यावं म्हणून.

त्या दिवसानंतर मी शहाणा व्हायला हवं होतं. पण तोवर आपल्या खऱ्या भांडणाला सुरुवात झाली होती. शिंगवालीच्या शेवटाचं. पाताळातली ती मुलगी एका बोगद्याचं काम करणाऱ्या इंजिनिअरवर जीव लावते. बोगदा कोसळतो, तो दगडाखाली अडकतो. ती आपलं एक शिंग उपटते, त्याने दगड फोडते, त्याला बाहेर काढते. इथपर्यंत तुम्हालाही मान्य. पण लग्नाच्या सकाळी ती दुसरं शिंगही स्वतःच्या हाताने काढते. तिथे तुमचा पारा चढला. समासात बॉलपेन इतकं दाबून लिहिलंत की मागच्या पानावर उमटलं. 'पह्यलं शिंग कामासाठी गेलं, समजू शकते. दुसरं काहून काढलं? कोणी मांगितलं होतं?'

मी म्हणायचो, वहिनी, प्रेमात सोडावं लागतंच काहीतरी. तुम्ही म्हणायचात, "मंग त्यानं काय सोडलं? हेल्मेट?" मी म्हणायचो, शिंगं घेऊन संसार कसा करणार, दारात अडकतील. तुम्ही म्हणायचात, "दार मोठं करा." मी म्हणायचो, तो कसा राहील राक्षसिणीसोबत? तुम्ही दादाकडे बोट दाखवायचात, "हे नाही राहून राहिले?" आणि दादा म्हणायचा, "हव." तेवढंच. छत्तीसगढीतला एवढासा 'हो', चाळीस वर्षांच्या संसाराचा सारांश.

हे भांडण आपण सांबारवडी खाताना केलं, बँकेच्या रांगेत केलं, तुमच्या स्कूटीच्या मागे बसून केलं. सिग्नलला तुम्ही मागे वळून मुद्दा मांडत होतात आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. कोणीच हरलं नाही. मी हरायला पुस्तक वाचलेलं पाहिजे होतं.

मग गेल्या पावसाळ्यानंतर वझलवार सरांनी मंडळाच्या एका बैठकीत प्रस्ताव आणला. ग्रंथालयाची जागा अपुरी पडते, तेव्हा ते कपाट रिकामं करावं, पुस्तकं रद्दीत द्यावीत, वार्षिक सभेत ठराव करावा. सर वाईट माणूस नाही, हे तुम्हीही म्हणायचात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आपण इथं मूठभर उरलो. पुढच्या पिढीच्या हातात मराठी म्हणून काय ठेवणार? शिंगं?" तुम्ही उठून म्हणालात, "सर, पोट्ट्या मराठी वाचून राहिल्या. तुमी त्याईच्या हातात काहीही ठेवा, पण हातातलं काढू नका." सर म्हणाले, सभेत बोला. तुम्ही म्हणालात, बोलते ना.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुमच्यासाठी हा खेळ नव्हता. तुमचं मराठी मंजिरीपर्यंत पोहोचायला जो एक रस्ता सापडला होता तो त्या मागच्या पानांवरून जात होता, आणि तो रस्ता रद्दीत निघाला होता.

सभेआधीच तुम्ही दवाखान्यात गेलात. आधी म्हणे दोन दिवसांत सोडतील. मग कोणी काही म्हणेना. मी भेटायला आलो तेव्हा तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. तरी म्हणालात, "भाऊजी, सभेत आता तुमाले बोला लागन. पण वाचून बोला. एकदा तरी."

मी म्हटलं, "वहिनी, वाचलंय मी शिंगवाली."

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "पोस्टमास्तर."

नर्सने आत डोकावून बघितलं, एवढ्या आजारी बाईच्या खोलीत हा माणूस मोठमोठ्याने हसतोय कशाला. मग मी व्हरांड्यात जाऊन जे केलं ते हसणं नव्हतं. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे एका न झालेल्या पोस्टमास्तरचं नाव. लोक शेवटच्या भेटीतलं काय काय सांगतात, आशीर्वाद, निरोप. मी कोणाला सांगू?

तेरवीपर्यंत तुमच्याकडेच होतो. पाहुणे आले-गेले. दादा खुर्चीत बसून राहायचा, टीव्ही बंद. मी मंजिरीकडून शिंगवाली मागून घेतली आणि वाचली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, वहिनी, शपथ. आणि मला ती आवडली! साठी उलटलेला माणूस, सुतकात बसून शिंगं असलेल्या पोरीची प्रेमकथा वाचतोय आणि बोगदा कोसळतो तिथे चहा थंड करतोय. इतकी वर्षं मी काय गमावलं ते कळलं. तुमच्याशी भांडायची खरी मजा वाचून भांडण्यात होती, आणि मी नेमके तेच कष्ट वाचवले.

आणि शेवटाला आलो तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःचं मत झालं. वहिनी, मला वाटतं तुम्ही चुकलात. ती दुसरं शिंग काढते, पण फेकत नाही, सांभाळून ठेवते. ती माणूस झालेली नाही, तिने हत्यार म्यानात ठेवलंय. हे सांगायला मी पुस्तक मिटून ताडकन उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तिथे मंजिरी पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "क्या हुआ काका?" मी म्हटलं, काही नाही, पाणी पाहिजे.

सभा मागच्या रविवारी झाली. सभेत पहिला विषय तुम्हाला श्रद्धांजली, दोन मिनिटं स्तब्धता. पण लोक उशिरा येतात म्हणून सरांनी तो शेवटी ठेवला. दादालाही मंजिरी घेऊन आली होती, पहिल्या रांगेत बसवलं होतं. मग ठरावाची वेळ आली. मी भाषण लिहून नेलं होतं. वाचनसंस्कृती, भाषासंवर्धन, बृहन्महाराष्ट्र, सगळं होतं त्यात. उभा राहिलो, समोर तुमच्या सगळ्या मैत्रिणी, आणि तुमची खुर्ची कोणी तरी पर्स ठेवून अडवलेली, सवयीने. मला भाषण दिसेना. माझ्या तोंडून निघालं, "शकूवहिनींचं मत चूक होतं."

वहिनी, तुमच्या मैत्रिणींनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं रेल्वेत अपघाताच्या चौकशीलासुद्धा कोणी पाहिलं नव्हतं. वझलवार सरांचा चेहरा मात्र उजळला. त्यांना वाटलं, सचिवही आपल्या बाजूने.

मी रेटून पुढे बोललो. "शिंगवालीने दुसरं शिंग काढलं म्हणून वहिनी तिच्यावर रागावल्या. पण तिने ते टाकलं नाही. दाराच्या चौकटीवर ठेवलं. हात वर केला की हातात येईल असं. ती हरलेली नाही."

आणि माझ्या मागून, व्यासपीठावरून आवाज आला, "चौकटीवर नाही. उंबऱ्याखाली पुरलं."

वझलवार सर.

मी वळलो. सगळी सभा वळली. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो परत लावायचं धाडस त्यांना होईना.

मुळेकाकू पहिल्या सावरल्या. "अगं बाई! सर, तुमाले कसं माहीत?"

"विरोध करायचा तर वाचायला नको का?" सर म्हणाले.

"किती वाचल्या?"

सर छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "सगळ्या."

मग काय विचारता! मंजिरी उठून म्हणाली, "सर, मम्मी के कमेंट भी?" सर म्हणाले, "पहिल्यांदा तेच वाचायचो." आणि हॉल असा काही हसला की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. मी चुकलो होतो, अर्थात. पुस्तकात उंबराच आहे. त्या पानावर तुमचं समासातलं अक्षर होतं, मी ओळीकडे कमी आणि अक्षराकडे जास्त बघत होतो, आणि शिंग कुठे ठेवलं ते माझं मी ठरवून टाकलं. वाचून बोललो तरी पोस्टमास्तर तो पोस्टमास्तरच. पण ती चूक झाली नसती तर सरांच्या तोंडून ते वाक्य निघालं नसतं. तुमचा सिद्धान्त, वहिनी. मी फक्त उदाहरण.

त्यानंतर ठरावाकडे कोणाचं लक्ष होतं! उंबऱ्याखाली पुरलं म्हणजे घर तिचं झालं, असं एक गट. पुरलं म्हणजे संपलं, असं दुसरा. मुळेकाकूंची धाकटी सून, जी सभेत कधी तोंड उघडत नाही, उभी राहून म्हणाली, "रोज सासू ज्या उंबऱ्यावरून जाईन, त्याच्याखाली शिंग! मले तं लय आवडलं." मुळेकाकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. एका मुलीने अडखळत, एकेक शब्द शोधत, पण पूर्ण मराठीत मुद्दा मांडला. सर तिच्याकडे बघत राहिले. मधल्या एका क्षणी त्यांनीच हात वर करून म्हटलं, "कपाट पुढच्या दालनात येईल. कोणाचा विरोध?" विरोध कोण करणार, सगळे शिंगात गुंतलेले. ठराव मंजूर. कपाट हलवलं तेव्हा एक बाजू मी धरली होती आणि एक सरांनी, आणि माझ्या पायावर कोणी सोडलं ते विचारू नका. अजून लंगडतोय.

शेवटी सरांनी टेबल वाजवलं. "आता शकुंतलाबाईंना श्रद्धांजली. दोन मिनिटं शांत उभे राहू."

सगळे उभे राहिले. पंखे फिरत होते. मी मान खाली घातली, आणि आता हे पूर्ण दोन मिनिटं कसं सोसायचं असं वाटत असतानाच पहिल्या रांगेतून दादाचा आवाज आला. हळू, पण अगदी स्पष्ट.

"मले वाटते शकूचंच बरोबर हाय."

मी डोळे उघडले. "दादा, तू वाचलंय?"

"वाचाले काय लागते? रोज जेवताना थे मले सांगे." दादा सरांकडे, माझ्याकडे, सगळ्यांकडे बघत म्हणाला, "शिंग हाय तं डोक्यावर ठेवाव. पुरलं तं कोणाले दिसन?"

मग मुळेकाकू म्हणाल्या, "पण भाऊसाहेब, ऐका ना," आणि त्यांना तोडत सर म्हणाले, "नाही नाही, त्यांचा मुद्दा बरोबर आहे," आणि मंजिरी मराठीत ओरडली, "बाबा, थांबा, मी सांगते!" आणि वहिनी, उभ्या उभ्या, श्रद्धांजलीच्या मध्यावर, सगळा हॉल परत सुरू झाला. मध्ये दादा उभा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा भांडत.

तुम्हाला दोन मिनिटांची शांतता काही मिळाली नाही. आम्ही प्रयत्न केला होता.